"तुला माहीत नाही हे मला माहीत आहे" छापाची कोडी कशी सोडवायची

ही कोडी तुम्ही कधी ना कधी पाहिलेली असणारच. एक जण म्हणतो मला उत्तर माहीत नाही, दुसरा म्हणतो तुला माहीत नसणार हे मला माहीतच होतं, मग पहिला म्हणतो अरे मग आता मला कळलं, आणि दुसरा म्हणतो मग मलाही कळलं. खाली प्रश्न असतो, सांगा उत्तर काय. वाचल्यावर पहिल्यांदा हेच वाटतं की ह्यात आपल्याला दिलंय काय, नुसती दोन माणसं बोलतायत आणि तीही "माहीत नाही, माहीत नाही" करतायत. बरेच जण तिथेच सोडून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही कोडी हुशारीची कमी आणि शिस्तीची जास्त आहेत. मी गेली बरीच वर्षं घरातल्या पोरांना, मित्रांना, ऑफिसात डबा खाताना ही कोडी घालत आलोय आणि पद्धत कळली की आठवी-नववीतली मुलंसुद्धा पटापट सोडवतात हे डोळ्यांनी बघितलंय.

कागद-पेन्सिल घ्या, डोक्यात सोडवायला जाऊ नका. डोक्यात तीन पायऱ्यांनंतर कोण काय बोललं ते विसरायला होतं.

सगळ्यात सोप्यापासून सुरू करू. जनगणनेवाला एका घरी येतो आणि बाईंना तीन मुलींची वयं विचारतो. बाई म्हणतात, तिघींच्या वयांचा गुणाकार ३६ आणि बेरीज समोरच्या घराच्या नंबराएवढी. तो बाहेर जाऊन नंबर बघून येतो आणि म्हणतो अजूनही नाही सांगता येत. बाई म्हणतात, थोरली पेटी शिकते. तो म्हणतो, हां, आता कळलं. वयं किती?

आता इथे बहुतेक लोक पेटीवर अडकतात. पेटीचा काही संबंध नाही, पण आधी सगळे ऑप्शन लिहा. गुणाकार ३६ येणाऱ्या तीन आकड्यांच्या जोड्या आठच आहेत, आणि त्यांच्या बेरजा अशा:

१, १, ३६ : ३८
१, २, १८ : २१
१, ३, १२ : १६
१, ४, ९ : १४
१, ६, ६ : १३
२, २, ९ : १३
२, ३, ६ : ११
३, ३, ४ : १०

समोरच्या घराचा नंबर आपल्याला दिसला नाही, पण त्याला दिसला. त्या दारावर १४ लिहिलेलं असतं तर त्याने तिथल्या तिथे १, ४, ९ सांगितलं असतं. २१ असतं तरी सांगितलं असतं. तो अडकला ह्याचा अर्थ नंबर असा आहे की ज्यावर दोन ऑप्शन उरतात, आणि तसा नंबर एकच, १३. म्हणजे त्याच्या "नाही सांगता येत" ह्या एका वाक्याने आठातले सहा ऑप्शन गेले. मग थोरली आहे म्हटल्यावर १, ६, ६ जातं आणि २, २, ९ उरतं. (सहा-सहा वर्षांच्या दोघींतही एक थोरली असू शकते, असा आक्षेप कोणीतरी घेतंच आणि तो खोटा नाही, पण अशा कोड्यात वय म्हणजे पूर्ण वर्षं आणि थोरली म्हणजे वर्षांनी थोरली हे धरून चालायचं.)

ह्या छोट्या कोड्यात सगळी पद्धत आली. प्रत्येक वाक्य म्हणजे चाळणी. वाक्य आलं की शिल्लक असलेला एकेक ऑप्शन घ्यायचा आणि विचारायचं, हे खरं असतं तर हा माणूस, त्याच्या खिशात जी माहिती आहे तेवढ्यावर, हेच वाक्य बोलला असता का? नसता बोलला तर तो ऑप्शन खोडायचा. "उत्तर काय असेल" हा प्रश्न विचारायचाच नाही, शेवटपर्यंत. जे लोक चुकतात ते सहसा घाईने उत्तराच्या मागे लागतात आणि मग आपल्याला जे माहीत आहे ते आणि बोलणाऱ्याला जे माहीत आहे ते ह्यांची भेसळ होते.

खोडताना एक सवय लावून घ्या, खोडलेल्या ऑप्शनवर वाक्याचा नंबर टाका. पहिल्या वाक्याने गेला तर १, दुसऱ्याने गेला तर २. नंतर काहीतरी जुळत नाही असं झालं की मागे जाऊन नेमकं कुठे चुकलं ते सापडतं, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागतं.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची ती म्हणजे बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. ह्यासाठी टोप्यांचं कोडं बेस्ट आहे. पाच टोप्या, तीन पांढऱ्या, दोन काळ्या, हे सगळ्यांना माहीत. तीन माणसं रांगेत एकामागे एक उभी, प्रत्येकाच्या डोक्यावर एक टोपी, उरलेल्या दोन लपवल्या. सगळ्यात मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसतात, मधल्याला फक्त पुढच्याची, पुढच्याला काहीच दिसत नाही. मागच्याला विचारलं तुझी टोपी कुठल्या रंगाची, तो म्हणतो माहीत नाही. मधला म्हणतो मलाही माहीत नाही. मग ज्याला काहीच दिसत नाही तो सगळ्यात पुढचा म्हणतो, माझी पांढरी. कसं?

मागच्याला पुढे दोन काळ्या दिसल्या असत्या तर त्याने आपली पांढरी हे लगेच सांगितलं असतं. म्हणजे पुढच्या दोघांत निदान एक पांढरी आहे. हे मधल्याने ऐकलं. आता मधल्याला समोर काळी दिसली असती तर ती निदान एक पांढरी त्याचीच, आणि तो बोलला असता. तोही अडला. म्हणजे समोरची काळी नाही. पुढचा माणूस हे दोन्ही नकार ऐकतो आणि डोळे मिटून उत्तर देतो. मला हे कोडं अजूनही सुंदर वाटतं, ज्याला सगळ्यात जास्त दिसतंय तो अडतो आणि ज्याला काहीच दिसत नाही तो सांगतो.

आता जरा मोठं घेऊ. एप्रिल २०१५ मध्ये सिंगापूरचा एक टीव्ही निवेदक, केनेथ काँग, ह्याने फेसबुकवर एक कोडं टाकलं आणि ते जगभर पसरलं. सुरुवातीला पाचवीच्या पोरांचं कोडं म्हणून फिरत होतं, पण ते होतं सिंगापूर अँड एशियन स्कूल्स मॅथ ऑलिम्पियाडमधलं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी. शेरिल आपल्या दोन मित्रांना, आल्बर्ट आणि बर्नार्डला, वाढदिवसाच्या दहा तारखा देते, त्यातली एक खरी:

मे १५, १६, १९
जून १७, १८
जुलै १४, १६
ऑगस्ट १४, १५, १७

मग ती आल्बर्टच्या कानात फक्त महिना सांगते आणि बर्नार्डच्या कानात फक्त तारखेचा आकडा. आल्बर्ट म्हणतो, मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे. बर्नार्ड म्हणतो, आधी मला माहीत नव्हतं, पण आता कळलं. आल्बर्ट म्हणतो, मग मलाही कळलं.

आल्बर्टच्या पहिल्या वाक्याचे दोन तुकडे करा. "मला माहीत नाही" ह्यात काही नाही, कारण प्रत्येक महिन्यात निदान दोन तारखा आहेत, नुसता महिना कळून कोणालाच उत्तर कळणार नाही. सगळा जीव दुसऱ्या तुकड्यात आहे. बर्नार्डला आकड्यावरून एकदम उत्तर कधी कळलं असतं? आकडा १८ किंवा १९ असता तर, कारण हे दोन आकडे टेबलात एकदाच येतात, १९ मे मध्ये आणि १८ जूनमध्ये. आता आल्बर्टच्या खिशात जा. त्याच्याकडे "मे" असता तर त्याला खात्रीने म्हणता आलं असतं का की बर्नार्डला माहीत नाही? नाही, कारण बर्नार्डच्या कानात १९ पण असू शकला असता. "जून" असता तरी तेच. तो खात्रीने बोलतोय, म्हणजे त्याचा महिना मे नाही आणि जून नाही. तर इथे पूर्ण मे आणि पूर्ण जून खोडायचा, पाचही तारखा. फक्त १९ मे आणि १८ जून खोडून पुढे जायचं नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोक नेमके इथे चुकतात.

उरल्या पाच. जुलै १४, १६ आणि ऑगस्ट १४, १५, १७. बर्नार्डनेही हीच खोडाखोड केली आणि म्हणतो आता कळलं. त्याच्याकडे १४ असता तर त्याला जुलै की ऑगस्ट कळलं नसतं, म्हणून दोन्ही १४ गेल्या. उरल्या १६ जुलै, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट. आल्बर्ट म्हणतो मलाही कळलं. ऑगस्ट असता तर दोन उरल्या असत्या. म्हणून १६ जुलै.

त्या वेळी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर ह्यावरून दोन दिवस वादावादी चालली होती, कारण बऱ्याच जणांचं उत्तर १७ ऑगस्ट येत होतं, माझंही पहिल्यांदा तेच आलेलं. हे उत्तर कुठून येतं ते बघण्यासारखं आहे, कारण ते येडंगबाळं नाही, त्यातही लॉजिक आहे, फक्त ते वेगळ्या कोड्याचं उत्तर आहे. समजा बर्नार्ड स्वतः आधी बोलला असता की मला माहीत नाही. मग १९ मे आणि १८ जून एवढ्याच गेल्या असत्या. मग आल्बर्ट म्हणाला असता मलाही नाही माहीत, तर जूनमध्ये १७ एकटीच उरलेली असल्यामुळे ती गेली असती. आणि मग बर्नार्ड म्हणाला असता आता कळलं, तर एकदाच उरलेला आकडा १७, म्हणजे १७ ऑगस्ट. बरोबर आहे. पण मूळ कोड्यात बर्नार्डने काही सांगितलेलंच नाही, आल्बर्टला ते आपल्या महिन्यावरूनच माहीत आहे. बर्नार्डला माहीत नाही हे बर्नार्डकडून ऐकणं वेगळं आणि ते स्वतःच्या माहितीवरून आधीच पक्कं ठाऊक असणं वेगळं. एवढ्याशा फरकाने उत्तर महिनाभर पुढे सरकतं. म्हणून वाक्यं वाचताना कोण आधी बोललं, "माहीत आहे" म्हणाला की "माहीत होतं" म्हणाला, हे शब्द सोडू नका. मराठीत कोडं सांगताना पण हे जपावं लागतं, घाईत सांगणारा "त्याला पण माहीत नाहीये" असं म्हणून मोकळा होतो आणि कोडंच बदलून जातं.

आता मला जे सगळ्यात प्रिय आहे त्यावर येतो, आणि हे वाचून नाही, खेळून कळतं. टिकल्यांचं एक पाकीट आणा, लाल आणि हिरव्या असलेलं. चार पोरं गोल बसवा. प्रत्येकाला डोळे मिटायला सांगून कपाळावर एक टिकली लावा. मुलगे कुरकुर करतात, करू देत. स्वतःची दिसत नाही, बाकीच्या तिघांची दिसते, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मग तुम्ही मोठ्याने जाहीर करायचं, "निदान एकाच्या कपाळावर लाल टिकली आहे." आणि मग टाळी वाजवायची. टाळी वाजली की ज्याला स्वतःचा रंग नक्की कळला असेल त्याने हात वर करायचा, सगळ्यांनी एकदमच, बघून बघून नाही. मग पुन्हा टाळी. मग पुन्हा.

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीची दोन आणि शेजारची दोन अशी चार मुलं घेऊन मी हे केलं. पहिला डाव फुकट गेला, कारण धाकट्याने पहिल्याच टाळीला हात वर केला, विचारलं कसं कळलं तर समोर स्टीलचा पिंप होता आणि त्यात त्याला कपाळ दिसत होतं. तर पिंप, आरसा, टीव्हीची काळी स्क्रीन, मोबाइल, सगळं नजरेआड करून बसा. मोबाइल तर दुसऱ्या खोलीतच ठेवा, कारण एक जरी पोरगं टाळी चुकवून भलतीकडे बघत बसलं तर सगळी साखळी तुटते, बाकीचे त्याच्या शांत बसण्यावर हिशेब करत असतात.

दुसऱ्या डावाला तिघांना लाल लावली आणि एकाला हिरवी. पहिली टाळी, कोणी नाही. दुसरी टाळी, कोणी नाही. तिसऱ्या टाळीला तिन्ही लालवाल्यांचे हात वर गेले, थोडं मागेपुढे झालं पण गेले. हे का होतं ते खालून वर बघत जा. लाल एकच असती तर त्या मुलाला आजूबाजूला सगळ्या हिरव्या दिसल्या असत्या आणि पहिल्या टाळीलाच हात वर गेला असता. लाल दोन असत्या तर प्रत्येक लालवाल्याला एकच लाल दिसली असती, त्याने पहिल्या टाळीला वाट बघितली असती की समोरचा हात वर करतोय का, समोरच्याने केला नाही म्हणजे समोरच्यालाही कुठेतरी लाल दिसतेय, ती माझीच, म्हणून दुसऱ्या टाळीला दोघांचे हात. लाल तीन असतील तर प्रत्येकाला दोन दिसतात, तो दुसऱ्या टाळीपर्यंत थांबतो, त्या दोघांचे हात वर गेले नाहीत म्हणजे लाल दोनच नाहीत, तिसरी मी. ही शिडी कितीही लांब नेता येते. बेटावरच्या निळ्या डोळ्यांच्या शंभर माणसांचं जे प्रसिद्ध कोडं आहे, ज्यात सगळे शंभराव्या दिवशी एकदम बेट सोडून जातात, ते म्हणजे हेच, टिकलीच्या जागी डोळे आणि टाळीच्या जागी दिवस. आणि त्याच्याही आधी इंग्रज गणितज्ञ लिटलवूड ह्यांनी १९५३ मध्ये छापलेल्या पुस्तकात रेल्वेच्या डब्यातल्या तीन बायका आहेत, तिघींची तोंडं काळी झालेली, तिघीही एकमेकींना हसतायत, आणि एकीच्या एकदम लक्षात येतं की अरे, ही दुसरी आपल्या तोंडाचा विचार का करत नाहीये, म्हणजे तिला वाटतंय तिसरी मला हसतेय, म्हणजे माझंही तोंड काळं आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. डाव संपल्यावर मोठ्या भाचीने विचारलं, "मामा, पण निदान एक लाल आहे हे आम्हाला दिसतच होतं की, मला तर दोन दिसत होत्या, मग तू ते सांगितलंस कशाला?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या मोठ्या माणसाने विचारलेला नाही. मी म्हटलं न सांगता खेळून बघू. पुन्हा तिघांना लाल लावली (वेगळ्या तिघांना), सांगितलं की ह्या वेळी सगळ्या हिरव्याही असू शकतात, काहीही असू शकतं, आणि जाहीर काहीच केलं नाही. सात-आठ टाळ्या झाल्या. एकही हात वर गेला नाही. जी गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत होती ती मोठ्याने बोलली नाही म्हणून कोणालाच काही कळलं नाही.

ह्याचं उत्तर सावकाश वाचा, हे एकदा पचलं की बाकीची कोडी सोपी जातात. समजा ओवी, अर्णव आणि मीरा ह्यांना लाल आहे. ओवीला दोन लाल दिसतायत. पण ओवीला स्वतःची माहीत नाही, तेव्हा ती विचार करते, समजा माझी हिरवी असेल. तसं असेल तर अर्णवला फक्त मीराची लाल दिसत असणार. आणि अर्णवलाही स्वतःची माहीत नाही, तेव्हा ओवीच्या मनातला अर्णव विचार करेल, समजा माझी पण हिरवी असेल. तसं असेल तर मीराला एकही लाल दिसत नसणार. बघा, निदान एक लाल आहे हे तिघांनाही माहीत आहे, आणि ते तिघांनाही माहीत आहे हेही तिघांना माहीत आहे, पण अर्णवच्या मते मीराला ते माहीत आहे की नाही ह्याची ओवीला खात्री देता येत नाही. तिसऱ्या पायरीवर फट आहे. मोठ्याने जाहीर केलं की ती फट बुजते, कारण आता सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं हे सगळ्यांनी बघितलं, आणि हे कितीही पायऱ्या खाली गेलं तरी खरंच राहतं.

"सगळ्यांना माहीत असणं" आणि "सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं, आणि तेही सगळ्यांना माहीत असणं" ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ह्या दुसऱ्या प्रकाराचा नीट विचार तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस ह्यांनी १९६९ मध्ये मांडला आणि १९७६ मध्ये रॉबर्ट ऑमन ह्यांनी त्याची गणिती व्याख्या केली, त्याच ऑमन ह्यांना २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तर कोडं सोडवताना प्रत्येक वेळी तपासायचं, ही माहिती नुसती प्रत्येकाच्या खिशात आहे का सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलेली आहे? शेरिलची दहा तारखांची यादी टेबलावर आहे. महिना आणि आकडा खिशात आहेत. आणि बोललेलं प्रत्येक वाक्य खिशातून टेबलावर येतं.

ही सवय झाली की मग १९६९ सालचं हान्स फ्रॉइडेनथाल ह्यांचं कोडं हाती घ्या. ते डच गणितज्ञ, आणि पुढे १९७९ मध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी ते "अशक्य" कोडं म्हणून लोकांपुढे आणलं. दोन वेगवेगळ्या संख्या, दोन्ही १ पेक्षा मोठ्या, बेरीज जास्तीत जास्त १००. एकाला फक्त गुणाकार सांगितलाय, एकाला फक्त बेरीज. गुणाकारवाला म्हणतो मला संख्या माहीत नाहीत. बेरीजवाला म्हणतो तुला माहीत नसणार हे मला माहीतच होतं. गुणाकारवाला म्हणतो मग आता मला कळल्या. बेरीजवाला म्हणतो मग मलाही. ऑप्शन एवढे आहेत की भीती वाटते, पण शेरिलसारखंच दुसऱ्या वाक्यापाशी जोर लावा. बेरीजवाल्याला आधीपासून खात्री होती, म्हणजे त्याची बेरीज दोन मूळ संख्यांत फुटत नाही, फुटत असती तर गुणाकारवाल्याला उत्तर कळण्याची शक्यता उरली असती. ८ पासून १०० पर्यंतची प्रत्येक सम संख्या दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांत फुटते, म्हणून सम बेरजा एका फटक्यात गेल्या (६ उरते, पण तिथे २ आणि ४ एवढाच ऑप्शन आणि गुणाकार ८ वरून लगेच कळतं, म्हणून तीही गेली). विषममध्ये दोन वजा करून मूळ संख्या येते त्याही गेल्या. अजून थोडी छाननी करून दहा बेरजा उरतात, ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७, ५३.

पुढचं सगळं इथे मांडत नाही, पण १७ घेऊन बघा आणि मग ११ घेऊन बघा. १७ मध्ये ४ आणि १३ घेतल्या तर गुणाकार ५२, तो दुसऱ्या प्रकारे २ गुणिले २६ फुटतो पण त्याची बेरीज २८, यादीत नाही, म्हणून गुणाकारवाल्याला कळतं. १७ च्या बाकी सगळ्या जोड्यांत त्याचा गोंधळ होतो, उदाहरणार्थ २ आणि १५ चा गुणाकार ३०, तो ५ गुणिले ६ पण आहे आणि त्याची बेरीज ११ यादीत आहे. म्हणजे १७ वाल्या बेरीजवाल्याला एकच जोडी उरते आणि तो म्हणू शकतो मलाही कळलं. ११ ला मात्र २ आणि ९, ३ आणि ८, ४ आणि ७, तिन्ही जोड्यांत गुणाकारवाल्याला कळतं, मग बेरीजवाला कुठली निवडणार? बाकी आठ बेरजा ह्याच पद्धतीने एकेक करून पडतात, उत्तर ४ आणि १३. रविवारची दुपार लागते, पण स्वतः करा.

आणि एवढं झालं की स्वतःचं कोडं बनवा, कारण बनवताना जे कळतं ते सोडवताना कळत नाही. मी हे बनवलेलं देतो. आजीचा वाढदिवस तिथीने करतात, शुद्ध पक्षातली तिथी आहे, आणि नऊ ऑप्शन सगळ्यांसमोर आहेत:

चैत्र: तृतीया, पंचमी
वैशाख: तृतीया, सप्तमी
श्रावण: तृतीया, सप्तमी, दशमी
कार्तिक: पंचमी, द्वादशी

नातवाला महिना सांगितलाय, नातीला तिथी. नात म्हणते, मला नाही कळत. नातू म्हणतो, मलाही नाही. नात म्हणते, आता कळलं. नातू म्हणतो, मलाही. नातीच्या पहिल्या वाक्याने एकदाच येणाऱ्या तिथ्या जातात, दशमी आणि द्वादशी. मग कार्तिकात पंचमी एकटीच उरते, नातवाकडे कार्तिक असता तर तो बोलला असता, म्हणून ती जाते. आता तृतीया तीनदा, सप्तमी दोनदा आणि पंचमी एकदाच. नातीला कळलं म्हणजे चैत्र शुद्ध पंचमी, आणि नातवाच्या चैत्रातही तीच. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, ती असती तर घरात सगळ्यांना आठवलीच असती, असला विचार इथे आणायचा नाही. टेबलावर ठेवलेलं तेवढंच खरं.

हे मी उलटं बनवलं. आधी ठरवलं उत्तर चैत्र पंचमी. नातीला पहिल्यांदा कळू नये म्हणून पंचमी अजून कुठेतरी हवी, ती कार्तिकात टाकली. ती दुसऱ्या वाक्यात पडायला हवी, म्हणून कार्तिकात तिला जोडीला अशी तिथी दिली जी पहिल्या वाक्यातच जाईल, द्वादशी. नंतर बाकीचे महिने भर म्हणून घातले, आणि पहिल्या खेपेला श्रावणात फक्त तृतीया आणि दशमी ठेवली होती, सप्तमी नव्हती. बरं दिसत होतं. पण भाचीने कागदावर खोडत खोडत दाखवलं की मग वैशाखातली सप्तमी पण एकदाच येते, ती पहिल्याच वाक्यात जाते, दुसऱ्या वाक्यानंतर वैशाख, श्रावण, कार्तिक तिन्ही उडतात, आणि चैत्रात तृतीया आणि पंचमी दोन्ही उरतात. नातीला दोन्ही बाजूंनी कळतं, आणि नातू शेवटचं "मलाही" कधीच म्हणू शकत नाही. श्रावणात एक सप्तमी घातली आणि कोडं उभं राहिलं.

म्हणून बनवलेलं कोडं कोणाला घालायच्या आधी फक्त आपलं उत्तर तपासू नका, नऊच्या नऊ ऑप्शन घ्या आणि प्रत्येकासाठी चारही वाक्यं बोलून बघा, कुठे कोणाचं तोंड बंद होतं ते पाहा. वीस मिनिटं लागतात.